चालत्या घराची चूल

चुलीच्या बाबतीत आम्ही बडोदेकर थोडे लाडावलेलेच आहोत. १९७० च्या दशकातच आपल्या महानगरपालिकेने नळाने गॅस पुरवावयास सुरुवात केली, आणि ज्यांच्या घरी तो आला त्यांची सिलिंडरच्या हातगाडीची वाट पाहण्यातून कायमची सुटका झाली. पुण्यामुंबईचे पाहुणे त्या काळी स्वयंपाकघरात डोकावून ‘सिलिंडर कुठे ठेवता?’ असे विचारीत, तेव्हा आमच्या घरची मंडळी भिंतीवरच्या नळीकडे बोट दाखवीत असत. तो अभिमान आज जुना झाला. परंतु २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये युरोपात चार आठवडे हिंडताना, ना नळाची ना सिलिंडरची अशी एक तिसऱ्याच तऱ्हेची चूल आमच्या वाट्यास आली. राइनकाठची द्राक्षे आणि आल्प्सची शिखरे यांविषयी या पानांतून वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. आम्ही आज त्या चुलीविषयी लिहिणार आहोत. प्रवासातले निम्मे बेत तिनेच ठरविले, हे एक कारण. दुसरे कारण पुढे येईलच.

आमची कन्या व जावई हॉलंडात उट्रेख्त येथे असतात. त्यांनी एक जुनी कँपर व्हॅन घेतली आहे. बाहेरून पाहिले तर मालमोटारीच्या धाटणीची गाडी. आत शिरावे तर दोन बाके, उलगडले की पलंग होणारे टेबल, दोन बर्नरची शेगडी, लहानसा फ्रिज, न्हाणीघर म्हणता येईल इतपत एक कपाट आणि चालकाच्या डोक्यावर माडीसारखा एक बिछाना. बरोबर आम्ही उभयता, कन्या-जावई आणि आमच्या थोरल्या भगिनी अक्का. अक्कांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. प्रवासाची हौस आमच्या दुप्पट, आणि वीस वर्षांचा मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावे लागते. चार आठवड्यांचा साठा बडोद्याहूनच बरोबर घेतला होता, आणि तो त्या लहानशा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात एका डब्यात बसला होता. न उघडलेल्या इन्सुलिनला दोन ते आठ अंश सेल्सिअस इतकी थंडी लागते. गोठूनही चालत नाही, तापूनही चालत नाही. वापरात असलेली कुपी काही आठवडे बाहेर राहू शकते, पण तीही खोलीत गारवा असेल तर.

आता हा फ्रिज म्हणजे मोठी नवलाची वस्तू. तो गॅसवर चालतो. आत मोटर नाही, घरघर नाही; मागच्या बाजूस एक बारीकशी निळी ज्योत अखंड जळत असते आणि त्या ज्योतीच्या उष्णतेने दूध थंड होते! अक्कांनी पहिल्या दिवशी हे ऐकले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “जावईबापू, मी म्हातारी आहे, वेडी नव्हे.” पण गोष्ट खरी आहे. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यात विरलेला अमोनिया वायू मोकळा होतो, पुढे थंड होऊन त्याचा द्रव बनतो, हायड्रोजनच्या सहवासात तो द्रव पुन्हा उडू लागतो आणि उडताना कप्प्यातील उष्णता शोषून घेतो. मग पाणी त्याला पुन्हा आपल्यात सामावून घेते. बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली स्टॉकहोममध्ये ही युक्ती शोधली, आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स कंपनीने तिचे फ्रिज बाजारात आणले. यात द्रव आपल्या वजनाने उतारावरून वाहतो, म्हणून गाडी सपाट जागी उभी असावी लागते. रोज मुक्कामाला पोहोचलो की जावई टेबलावर पाण्याची वाटी ठेवून गाडी सपाट आहे की नाही ते पाहत आणि चाकाखाली पाचरी सरकवीत. चालत्या गाडीत हाच फ्रिज गाडीच्या विजेवर चालतो, तळावर वीज मिळाली तर तिच्यावर. दोन्ही नसतील तेव्हा गॅसवर. शिवाय शेगडी आणि अंघोळीचे पाणी हीदेखील गॅसचीच गिऱ्हाइके.

आणि हा गॅस साठविलेला असतो गाडीच्या पोटाखाली पक्क्या बसविलेल्या टाकीत. पुष्कळ कँपरवाले अजूनही सिलिंडरच नेतात. पण युरोपात दर देशाचा सिलिंडर वेगळा, त्याची तोटी वेगळी, आणि एका देशाचा रिकामा सिलिंडर दुसऱ्या देशात कोणी बदलून देत नाही. बसविलेल्या टाकीला ती पंचाईत नाही. तिथे पेट्रोलऐवजी एलपीजीवर चालणाऱ्या मोटारी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी पंपांवर जो गॅस मिळतो तोच या टाकीत भरता येतो. आमच्या गाडीची टाकी ३० लिटरची, पण तीत २४ लिटरच भरावयाचे, म्हणजे शेकडा ८०. या वीस टक्क्यांत मोठे शहाणपण आहे. एलपीजी द्रवरूपाने भरला जातो, आणि ऊन लागले की हा द्रव पाण्याच्या कितीतरी पट अधिक फुगतो. टाकी काठोकाठ भरली तर त्याला फुगावयास जागा उरत नाही. दुसरे असे की, शेगडीला वायू हवा, द्रव नव्हे. तो वरच्या मोकळ्या जागेतूनच मिळतो. म्हणून टाकीच्या आत एक तरंगता गोळा असतो. द्रव ८० टक्क्यांवर आला की गोळा वर येऊन झडप बंद करतो आणि पंप आपोआप थांबतो. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसलाच प्रकार.

२४ लिटर म्हणजे वजनाने साधारण साडेबारा किलो, आपल्या घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरहून थोडा कमी. पाच माणसांचा चहा, दोन वेळचे जेवण, अंघोळीचे पाणी आणि फ्रिज एवढ्याला तो दहा-बारा दिवस पुरे. टाकीतला दाब हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो. रेग्युलेटर तो उतरवून अगदी अल्प करतो, आपल्या घरच्या शेगडीला लागतो साधारण तितकाच. अक्कांना या साऱ्यात एकच गोष्ट खटकली. “म्हणजे नंबर लावायचा नाही, पुस्तक दाखवायचे नाही, आणि पंपावर जाऊन हवा तेवढा गॅस घ्यायचा?” त्यांच्या सुरात नवलापेक्षा तक्रार अधिक होती. ज्यांनी १९७० च्या सुमारास नोंदणी करून सिलिंडरसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे, त्यांना ती समजेल.

पहिला आठवडा हॉलंडातच गेला. समुद्र अडवून केलेली जमीन, आणि १९३२ साली पुरा झालेला बत्तीस किलोमीटरांचा तो बांध. त्याविषयी पुन्हा केव्हातरी. निघतानाच उट्रेख्तजवळ टाकी भरून घेतली होती. तेव्हाच जावयांनी आम्हांस एक कापडी पिशवी दाखविली. तीत पितळेचे तीन जडसे तुकडे होते, बुद्धिबळातल्या प्याद्यांसारखे. गॅस सर्वत्र तोच, पण पंपाच्या नळीचे तोंड देशागणिक निराळे! हॉलंडात आणि इंग्लंडात ते आपल्या जुन्या बल्बच्या होल्डरसारखे, दाबून पिळावयाचे. जर्मनीत जाड आट्यांचे, बोल्टासारखे फिरवून आवळावयाचे. ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स येथे उथळ बशीसारखे. स्पेन-पोर्तुगालात आणखी चौथेच; तिकडे जावयाचे नसल्यामुळे तो तुकडा घरी राहिला होता. एक नाणे, एक बाजारपेठ आणि नाक्यांवाचूनच्या सीमा ज्यांनी केल्या त्यांना गॅसच्या नळीचे एक तोंड मात्र अद्याप करता आलेले नाही, याची आम्हांस गंमत वाटली. आपल्याकडे कडी आणि कोयंडा एका गावात मिळत नाही म्हणून आपण उगीचच खंतावतो.

२४ जुलैला जर्मनीत शिरलो आणि २५ जुलैला राइनच्या काठाने कोलोनहून दक्षिणेस निघालो. त्या दिवसाची नोंद हवामानाच्या इतिहासात झाली आहे. हॉलंडात खील्झ-रायन येथे पारा ४०.७ अंशांवर गेला. त्या देशात नोंदी ठेवू लागल्यापासून चाळिशी प्रथमच ओलांडली गेली. जर्मनीत ड्युइसबर्ग येथे ४१.२ अंश झाले. बडोदेकराला मे महिन्यात बेचाळीस अंशांचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्याकडे पंखा आहे, माठ आहे, जाड भिंती आहेत आणि दुपारी बारा ते चार दार लावून घेण्याची रीत आहे. तिथली घरे ऊन आत घेण्यासाठी बांधलेली, आणि आमचे घर तर पत्र्याचे. चाळीस अंशांत हे ज्योतीचे फ्रिजही दमतात. बाहेरची हवाच तापली तर आतली उष्णता टाकावयाची कुठे? दुपारी कोब्लेन्ट्सला पोहोचलो तेव्हा कन्येने फ्रिजमध्ये ठेवलेल्या छोट्या तापमापकावर अकरा अंश दिसत होते. आठाची मर्यादा ओलांडली होती.

कोब्लेन्ट्सला मोझेल नदी राइनला मिळते. संगमाच्या टोकाशी सम्राट पहिल्या विल्हेल्मचा प्रचंड अश्वारूढ पुतळा आहे. आम्हांला चांदोदची आठवण झाली. ओरसंग नर्मदेला मिळते तिथे अशीच दोन रंगांची पाणी काही अंतर एकमेकांशेजारून वाहतात. अक्कांनी चप्पल काढून ओंजळभर पाणी घेतले आणि सूर्याकडे पाहून सोडले. एरवी तिथे तासभर बसलो असतो. पण त्या दिवशी सगळ्यांचे चित्त त्या अकरा अंशांवर होते.

पुढचा राइन फार देखणा. कोब्लेन्ट्सपासून बिंगेनपर्यंतचा सुमारे ६५ किलोमीटरांचा हा पट्टा २००२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. दोन्ही बाजूंस खड्या उतारांवर द्राक्षांचे मळे, प्रत्येक वळणावर एखादा किल्ला, आणि सांक्ट गोआरच्या समोर पाण्यावर १३२ मीटर उठलेला लोरेलायचा कडा. पण तिथला प्रत्येक तळ भरलेला. एका गावाबाहेर नदीकाठी, उंच पॉप्लरच्या सावलीत उभे राहावयास जागा मिळाली. तिथे पाणी होते, वीज नव्हती. म्हणजे रात्रभर फ्रिज गॅसवरच चालावयाचा. आणि टाकीच्या काट्याने पाव दाखविला. हे काटे फार विश्वासाचे नसतात. पाव म्हणजे पाव असेल किंवा नुसते तळाशी राहिलेले चार पेले असतील. टाकी निम्मी झाली की भरावी असा जावयांचा शिरस्ता, पण दोन दिवसांत वाटेवर गॅसचे दोन पंप लागले ते दोन्ही बंद पडलेले निघाले. संध्याकाळचे पाच वाजले होते. जावई म्हणाले, “आत्ताच भरून येऊ. रात्री दोन वाजता ज्योत विझली तर कोणाला कळायचेही नाही.”

जवळच्या गावात पंप होता. पंपाच्या आवारात शिरण्यापूर्वी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून फ्रिजची ज्योत विझवावी लागते. उघडी ज्योत घेऊन गॅसच्या पंपाशी जावयाचे नसते. ती विझवली आणि आत गेलो. काचेमागच्या बाईंनी गाडीच्या कुशीतले भरण्याचे तोंड पाहिले आणि मान हलविली. स्वयंपाकाच्या गॅसला आम्ही देत नाही, फक्त मोटारीला. जावयांनी तिला बाहेर बोलाविले, वाकून टाकी दाखविली, टाकीवरची परीक्षणाची धातूची पट्टी दाखविली, हा सिलिंडर नव्हे असे समजाविले. ती वाकली, पाहिले, आणि पुन्हा ‘नाही’ म्हणाली. अक्का खिडकीतून पाहत होत्या. त्यांनी आपला डबा उचलून दाखविला आणि सुईची खूण केली. बाईंचा चेहरा जरा उतरला. आत जाऊन तिने बर्फाची एक पिशवी आणून अक्कांच्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत. पण गॅस दिला नाही.

आम्हांस त्या वेळी राग आला, हे खरे. तथापि नियमामागचे कारण लक्षात घेता तिला दोष देता येत नाही. साध्या सिलिंडरला तो तरंगता गोळा नसतो. कोणी डोळ्यांच्या अंदाजाने पंपावर तो काठोकाठ भरून उन्हात गाडीत ठेवला तर काय होईल, हे वर आलेच आहे. असे करणारे महाभाग तिकडेही आहेत, म्हणून पंपवाले साशंक. बसविलेल्या टाकीची गोष्ट वेगळी. पण प्रत्येक पंपावरच्या माणसाने ती ओळखावी कशी? जावयांनी हुज्जत घातली नाही. बर्फ थेट कुपीला लागला तर इन्सुलिन गोठण्याचे भय, म्हणून कन्येने तो टॉवेलात गुंडाळून डब्याभोवती ठेवला, आणि आम्ही उलट्या वाटेने पुन्हा कोब्लेन्ट्सच्या दिशेने निघालो. तीसेक किलोमीटर. उजवीकडे तेच किल्ले, तेच मळे, आणि गाडीत कोणी अक्षर बोलत नव्हते. अक्काच शेवटी म्हणाल्या, “एक माठ आणायला हवा होता गं. चार वाळूचे खडे खाली, वर ओले फडके. आमच्या डॉक्टरांनी कितीदा सांगितले आहे.” आणि खरोखर, वीज नसलेल्या कितीतरी घरांत आपल्याकडे इन्सुलिन असेच जगते.

शहराच्या कडेच्या पंपावर एक तरुण होता. त्याने ‘टाकी पक्की आहे ना?’ एवढेच विचारले. मग पुढचा विधी आम्ही जवळून पाहिला. इंजिन बंद. टाकीच्या तोंडावरचे झाकण काढून पिशवीतला जर्मन तुकडा हाताने घट्ट फिरवून बसविला. पंपाची जड नळी त्याच्यावर आवळली. मग पंपावरचे एक बटण दाबून धरावयाचे. अंगठा निघाला की गॅस थांबला, म्हणजे माणूस तेथून हलूच शकत नाही. आकडे सरकू लागले. जावयांचा अंगठा बटणावर, आमचे डोळे आकड्यांवर. अठरा लिटर आणि काही थेंबांवर पंप गुरगुरला, मंदावला आणि थांबला. आतला गोळा वर आला होता. काट्याने दाखविलेला पाव खरा होता म्हणावयाचा. शेवटी हातमोजे घालून नळी सोडली, तेव्हा ‘फुस्स’ असा मोठा आवाज होऊन पांढरी वाफ उडाली. नळीच्या तोंडात अडकलेला तेवढा गॅस सुटतोच. पण तो इतका थंड असतो की उघड्या बोटाला इजा करील. वास आला. अक्का म्हणाल्या, “हा तर आपल्याच घरचा वास!” गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला तो वास. अकरा युरो आणि काही सेंट झाले.

पंपापासून दूर आल्यावर गाडी थांबवून ज्योत पुन्हा पेटविली. नळीत हवा शिरलेली असली तर ती लगेच पेटत नाही. चौथ्या ठिणगीला निळा ठिपका दिसला. नदीकाठच्या जागेवर परतलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि उजेड अजून होता. जावयांनी पाण्याची वाटी काढली, पाचरी सरकविल्या, फ्रिजच्या जाळीची बाजू नदीकडे, वाऱ्याकडे केली. रात्री दोनदा कन्या उठली. पहाटे पाचला तिने डबा उघडून आम्हांला तापमापक दाखविला. सहा अंश.

दोन दिवसांनी पाऊस आला आणि उकाडा संपला. बव्हेरियातले दिवस ओल्या गवतात आणि ढगांत गेले. इन्सब्रुकच्या पुढे १९६३ साली खुल्या झालेल्या त्या युरोपा पुलावरून दरीत पाहवत नाही. सुमारे १९० मीटर खोल. ब्रेनरची खिंड चढलो. ती १३७० मीटरांवर आहे, आणि भर उन्हाळ्यात तिथे रात्री शाल लागली. टाकीच्या दृष्टीने थंडीचेही एक प्रकरण आहे. एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन असे दोन वायू मिसळलेले असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो; ब्युटेन शून्याच्या सुमारासच हटून बसतो आणि टाकीत द्रव असूनही शेगडी पेटत नाही. म्हणून थंड देशांत पंपावाले हिवाळ्यात प्रोपेनचे प्रमाण वाढवितात. दक्षिणेकडे भरलेली टाकी घेऊन जानेवारीत आल्प्स चढू नये, असे जावयांनी सांगितले. आमच्यापुढे तो प्रसंग नव्हता.

इटलीत पिशवीतला तिसरा तुकडा, बशीचा, बाहेर निघाला. गार्डा सरोवराच्या दक्षिणेस एका पंपावर दुपारी पावणेएकला पोहोचलो तर साखळी लावलेली; तीन वाजेपर्यंत विश्रांती. बडोद्याच्या दुपारची सवय असलेल्या आम्हांस यात काहीच विपरीत वाटले नाही. झाडाखाली सतरंजी टाकून आम्हीही आडवे झालो. तीनला पंपवाला आला. तेथे त्याने कोणालाही नळीला हात लावू दिला नाही. सारे त्यानेच केले, आणि करताना जावयांना गाडीचे मॉडेल, कन्येला भारतातील पाऊस आणि अक्कांना वय विचारले. अक्कांनी बोटांनी सात आणि चार दाखविले. त्याने टोपी काढली. एकोणीस लिटर भरले. त्या रात्री सरोवराकाठी अक्कांनी पिठले-भात केला, उरलेल्या दुधाला विरजण लावले, आणि डबा उघडून पाहिला तेव्हा आत पाच अंश होते.